जुनं प्रोजेक्ट, नवा लॅपटॉप आणि न सापडणारे तीन प्लगिन

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या साखळीला मामांच्या मंडळाच्या घुमट आरत्या (घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हटलेल्या) पाच वर्षांपूर्वी रिपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केल्यास. आता विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आला. त्यावर प्रोजेक्ट उघडलं की तीन इफेक्ट, म्हणजे आवाजावर संस्कार करणारे तीन प्लगिन, सापडत नाहीत असा इशारा येतो आणि मिक्स अगदी कोरडं वाजतं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आली आहे. जुना लॅपटॉप रडतखडत का होईना, चालू होतो.

हे शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस, पण माझ्या मते तुझ्या हातात असलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. नव्या लॅपटॉपवर डोकं फोडण्याआधी आज संध्याकाळी जुना चालू कर. वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएसवर लाव. प्रत्येक ट्रॅक दोनदा रेंडर कर, म्हणजे त्याची ऑडिओ फाइल काढ, एकदा इफेक्ट बंद करून ड्राय, एकदा इफेक्टसकट वेट. रेंडरच्या खिडकीत सोर्स म्हणून स्टेम्स (प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल) निवड. सगळ्या फाइली शून्यापासून सुरू होऊ देत, म्हणजे कुठेही नेल्या तरी एकाखाली एक बरोबर बसतील. शेवटच्या सुराचा घुमारा विरेपर्यंत आठ-दहा सेकंद जास्तच घे. रिव्हर्ब (घुमारा देणारा इफेक्ट) वेगळ्या बसवर, म्हणजे अनेक ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या सामायिक ट्रॅकवर, असेल तर त्या बसचीही स्वतंत्र फाइल काढ. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. पाच मिनिटांची आरती आणि बारा ट्रॅक धरले तर एक प्रत ५०० एमबीच्या आसपास. दोन्ही प्रती मिळून एका पेनड्राइव्हवर सहज मावतात.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. २०१४ साली फोंड्याजवळच्या एका देवळात मी एका बुजुर्ग बुवांचं भजन रेकॉर्ड केलं. त्यांच्या आवाजावर एक फुकट मिळणारा रिव्हर्ब लावला होता आणि तो इतका छान बसला होता की सभामंडपात उभं राहून ऐकतोय असं वाटायचं. सात वर्षांनी बुवा गेले. त्यांचा मुलगा आला, म्हणाला, बाबांचा नुसता आवाज वेगळा करून द्या, पण तसाच. प्रोजेक्ट उघडलं तर प्लगिन नाही. तो ३२ बिटचा होता, बनवणाऱ्याची साइट बंद झालेली आणि इन्स्टॉलर मी जपला नव्हता. ड्राय आवाज होता, त्यावर दुसरे चार रिव्हर्ब लावून पाहिले. मुलाने डोळे मिटून ऐकलं आणि हळूच म्हणाला, "देवळातला नाही वाटत." त्या दिवसापासून मिक्स संपला की ड्राय आणि वेट अशा दोन्ही फाइली काढल्याशिवाय मी संगणक बंद करत नाही.

आता हे प्लगिन जातात कुठे, ते सांगतो. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये क्युबेस या आपल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरबरोबर व्हीएसटी, म्हणजे प्लगिन बनवण्याची एक ठरावीक पद्धत, आणली. पुढे व्हीएसटी२ आलं आणि छंद म्हणून प्लगिन बनवणाऱ्या शेकडो लोकांनी त्यात काम केलं, बरंचसं ३२ बिटमध्ये. २००८ ला व्हीएसटी३ आलं, आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून स्टाइनबर्गने व्हीएसटी२ साठी नव्या डेव्हलपरना परवाने देणं थांबवलं. मोठ्या कंपन्या पुढे सरकल्या, पण एकट्याने काम करणाऱ्या कित्येकांनी जुने प्लगिन आहेत तसेच सोडून दिले. तुझे तीन बहुधा त्यातलेच असावेत.

नव्या लॅपटॉपवर ते परत आणता येतील का? बरेचदा येतात. रिपरची प्रोजेक्ट फाइल साधी टेक्स्ट असते. तिची एक प्रत कर, नोटपॅडमध्ये उघड आणि व्हीएसटी शब्द शोध, प्लगिनचं नाव आणि डीएलएल फाइलचं (प्लगिन ज्या फाइलमध्ये असतो तिचं) नाव दोन्ही दिसतील. तीच डीएलएल जुन्या लॅपटॉपवर शोधून नव्यावर एका फोल्डरमध्ये ठेव, प्रेफरन्सेसमध्ये व्हीएसटीच्या पानावर त्या फोल्डरचा पाथ जोड आणि कॅश पुसून पुन्हा स्कॅन कर. विंडोजवर ६४ बिट रिपर ३२ बिटचे प्लगिन मधे स्वतःच पूल घालून (ब्रिज करून) चालवतो. सारखा क्रॅश होत असेल तर इफेक्टच्या यादीत त्यावर राइट क्लिक करून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायचा पर्याय निवड, मग प्लगिन कोसळला तरी रिपर उभा राहतो. लायसन्सवाला प्लगिन असेल तर नुसती डीएलएल उचलून चालत नाही, इन्स्टॉलरच लागतो. आणि त्याचंच व्हीएसटी३ रूप मिळालं तरी जुन्या सेटिंग त्यात आपोआप येतीलच असं नाही, म्हणून जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक प्लगिनच्या खिडकीचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

क्रॅक केलेले प्लगिन घेऊ का, असंही विचारलंयस. नको. ज्याने रात्री जागून ते बनवलं त्याचे पैसे बुडतात, आणि अडलास तर त्याला मेल करायला तोंड उरत नाही. मी छोट्या डेव्हलपरना नेहमी लिहितो: विंडोजची आवृत्ती, रिपरची आवृत्ती, प्लगिनची आवृत्ती आणि नेमकं काय केल्यावर बिघडतं ते. एवढं नीट दिलं की बहुतेक जण मनापासून उत्तर देतात. त्यांचा प्लगिन रोज वापरतोस तर एक तरी विकत घे.

घुमटाबद्दल थोडं. तू लिहिलंयस की मिक्समध्ये घुमट कधी बुम करतो, कधी गायब होतो. हा वाद्याचाच स्वभाव आहे. एका तोंडावर चामडं, दुसरं उघडं, आणि वाजवणारा डाव्या हाताने ते उघडं तोंड झाकत-उघडत असतो, त्यामुळे खालचा सूर सतत हलतो. साध्या ईक्यूने (आवाजाचे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणाऱ्या इफेक्टने) एकच जागा कापलीस तर निम्मे ठोके मेल्यासारखे लागतात. तिथे डायनॅमिक ईक्यू हवा. टीडीआर नोव्हा हा तसा प्लगिन फुकट आहे आणि चांगला आहे. खालची बाजू फक्त उसळते तेव्हाच दाबायला सांग, शामेळ (साथीचं तालवाद्य) आणि कासाळ्याच्या (मोठ्या झांजांच्या) ट्रॅकला हात लावू नकोस.

चवथीआधी मंडळाला परत बसवून काही कडवी नव्याने घेणार असशील तर रेकॉर्डिंगच्या वेळी लिनियर फेज ईक्यू आणि लुकअहेड लिमिटर बंद ठेव, हे इफेक्ट आवाज उशिरा पोचवतात. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका बाजूलाच २३ मिलिसेकंद उशीर, हेडफोन लावलेल्या घुमटवाल्याचा हात त्याने हमखास चुकतो. १२८ वर आण, ३ मिलिसेकंदांच्या आत येशील. मिक्स करताना पुन्हा वाढव.

इन्स्टॉलर आणि लायसन्सच्या मेल एका डिस्कवर, आणि ती डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट. आपल्या पावसात कपाट पुरत नाही.

आता त्या तीन प्लगिनची नावं आणि डीएलएल फाइलची नावं इथे लिही. माझ्याकडे २०१२ पासूनचे फुकट मिळणाऱ्या प्लगिनचे इन्स्टॉलर आहेत, उद्या सकाळी शोधून सांगतो.