घरात अचानक मृत्यू झाल्यावर प्रवासाने मन सावरतं का? एकटीने स्पितीला जाऊ का?

वडील अचानक गेले, आठ महिने झाले, ठाण्याच्या घरात आता तुम्ही आणि आई, आणि तुम्हाला दहा दिवस एकटीने हिमाचलातल्या स्पितीला जायचंय, असा तुमचा प्रश्न. किती दिवस जावं, कुठे जावं, फरक पडतो का, हेही विचारलंय. मला विचाराल तर जाऊ नका. निदान या वर्षी नको. आणि आईला ठाण्यात ठेवून तर नकोच.

मी हे करून बसलेली बाई आहे, म्हणून एवढ्या हक्काने सांगतेय.

२०१७ च्या जुलैत माझा धाकटा भाऊ गेला. सकाळी कामावर जाताना, लोकलमधून. मुंबईकराला पुढचं सांगावं लागत नाही. चौतीस वर्षांचा होता, लग्नाचं बघत होतो. रेल्वे पोलिसांनी सही घेऊन त्याची बॅग दिली, त्यात डबा होता. फरसबीची भाजी आणि चार पोळ्या, तशाच. आईने तो डबा मोरीत नेऊन घासला, पुसला आणि फळीवर त्याच्या जागी ठेवला. रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून कणीक मळायला बसली, तेव्हा मी तिचा हात धरला.

सप्टेंबरात ऑफिसातल्या दोघींनी मला लेहला नेलं. चांगल्या मनाने नेलं, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण लेह ३५०० मीटरवर आहे. तिथे धडधाकट माणसाचीही पहिल्या एक-दोन रात्री झोप उडते, डोळा लागतो न लागतो तोच श्वास कमी पडून जाग येते. मला तर दोन महिने झोप नव्हतीच. रात्रभर मी हॉटेलच्या छताकडे बघत हिशेब केला की तो साडेसातऐवजी सव्वासातला निघाला असता तर. हा हिशेब मी लालबागच्या खोलीतही करत होतेच, तो करायला विमानाचं तिकीट काढून गेले एवढंच. पँगाँगच्या काठावरच्या फोटोत मी हसतेय. घरी आल्यावर आईने तो फोटो बघितला आणि मोबाइल परत दिला. अजून तो आठवला की कान गरम होतात.

आणि स्पितीचं मुख्य गाव काझा, ते लेहपेक्षाही उंचावर आहे. मनालीकडून गेलात तर वाटेत कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. झोप लागत नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून सांगितलं.

आता खरं जे सांगायचंय ते.

मुंबईत माणसाला रडायला जागा नसते. आमची दहा बाय बाराची खोली, बाहेर गॅलरी, दार दिवसभर उघडं. तेरा दिवस शेजारच्यांनी पिठलं-भात आणला, चहाचं आधण उतरू दिलं नाही, त्याबद्दल चाळीचे उपकारच आहेत. पण नंतरही कोणी ना कोणी यायचंच, आणि आलं की आईने पहिल्यापासून सगळं सांगायचं. किती वाजता फोन आला, कोणी घेतला. ती पाठ केल्यासारखं सांगायची. रात्री आम्ही दोघी दिवा घालवून पडलो की हूं की चूं नाही. भिंतीपलीकडे खोकलेलंही ऐकू येतं, तिथे हुंदका कसा देणार?

फेब्रुवारीत मी सात दिवसांची रजा टाकली आणि परळ डेपोत जाऊन दोन पास काढले. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाची योजना आहे, १९८८ पासूनची. चार दिवसांचा नाहीतर सात दिवसांचा पास मिळतो. एकदा पैसे भरले की त्या मुदतीत महाराष्ट्रात कुठेही जा, कितीही गाड्या बदला. सीटची हमी नसते, आरक्षण वेगळं करावं लागतं, ते आधीच सांगते, नाहीतर माणगावपर्यंत उभं राहून मला शिव्या घालाल.

घरात यावरून रामायण झालं. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, कांदिवलीला असतो, गाडी आहे. तो म्हणाला, “आईला एसटीत फरफटवणार? लोक काय म्हणतील?” काका म्हणाले, वर्षाच्या आत तीर्थ करत नाहीत. मी म्हटलं, देवाला नेत नाहीये, देवरुखला माहेरी नेतेय. तेवढ्यावर गप्प बसले. वर्षश्राद्ध झालं की दादा तिला विमानाने तिरुपतीला नेणार होता. अजून नेतोय.

शुक्रवारी सकाळी परळहून निघालो. आई खिडकीशी, मांडीवर पिशवी. पेण गेलं, माणगाव गेलं, महाड गेलं, बाई गप्प. पोलादपूर सोडून गाडी कशेडी घाट चढायला लागली, गिअर बदलताना ती अख्खी गाडी कण्हते ना, तसं झालं, आणि आई खिडकीबाहेर बघतच म्हणाली, “इथेच ओकायचा तो. दर मे महिन्यात. याच वळणावर.” आणि त्याचं नाव घेतलं. सात महिन्यांत पहिल्यांदा, कोणी विचारलेलं नसताना. मग तिला सगळं आठवायला लागलं. आवळासुपारी त्याला चालायची नाही, लिंबू हुंगायला दिलं तर तो लिंबूच खायचा, एकदा पुढच्या माणसाच्या टोपीवर ओकला आणि वडिलांना ती टोपी खेडच्या स्टँडवर नळाखाली धुवावी लागली. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. खिडक्यांचा एवढा खडखडाट की मागच्या सीटवरच्यालाही ऐकू गेलं नसेल. मीही रडले, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत. आता कशेडीला बोगदा झालाय, काही मिनिटांत गाडी पलीकडे. सोय झाली, पण आमचं ते वळण गेलं.

चिपळूणच्या अलीकडे तिने पिशवीतून डबा काढला. तोच. मला माहीतच नव्हतं तिने आणलाय. पोळ्या आणि बटाट्याची भाजी. आम्ही दोघींनी खाल्लं, कंडक्टरलाही एक पोळी दिली. डब्याविषयी एक शब्द बोललो नाही, आजतागायत नाही.

माझं मत विचाराल तर काम गाडीने केलं, गावांनी फारसं नाही. घरात आई समोर असते, तिचा चेहरा दिसतो, म्हणून आपण आवरतो आणि तीही आवरते. एसटीत दोघी शेजारी-शेजारी, नजर रस्त्यावर. शिवाय तिथे आपण कोणाच्या कोणी नसतो. चाळीत आई ‘ती, जिचा मुलगा गेला ती’ होती. गाडीत ती नुसती एक म्हातारी होती, जिला लोक म्हणत होते, आजी, पिशवी वर ठेवू का?

देवरुखला मामाकडे दोन रात्री, तिथे पुन्हा तेच पाढे, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. रविवारी रत्नागिरी. सोमवारी आंबा घाटाने कोल्हापूर. आईने वर्षाचं पाळलं, ती देवळात गेली नाही, महाद्वाराच्या बाहेरूनच अंबाबाईच्या शिखराला हात जोडले. तिथे एका उसाच्या रसाच्या दुकानात बसलो असताना म्हणाली, “तुझा पास नाशिकला चालतो?”

आता इथे दादा परत येतो. अस्थी नाशिकला सोडल्या होत्या, रामकुंडात. दादा, काका आणि दोन चुलतभाऊ गाडीने जाऊन संध्याकाळी परत आले होते. आईला नेलं नाही. बायका जात नाहीत म्हणे. मुलाला जन्म द्यायला बाई चालते. तेव्हा मी काही बोलले नाही, ती माझी चूक, पण निर्णय त्यांचा होता.

पास चालत होता. मंगळवारी पहाटे कोल्हापूरहून निघालो, स्वारगेटला उतरलो, रिक्षाने शिवाजीनगर स्टँड, तिथून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत नाशिकला पोचायला रात्र झाली. सत्तर वर्षांची बाई, दिवसभर प्रवास. तिचे पाय सुजले होते. हे दादाला कळल्यावर त्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं मात्र कबूल करते, मधे पुण्यात मुक्काम करायला हवा होता. हट्ट माझा होता.

सकाळी रामकुंडावर आईने विचारलं, “कुठे सोडल्या?” मला काय माहीत. मी दादाला फोन लावला. आधी तो ओरडला, नाशिकला कशाला गेलात, कोणाला विचारून गेलात. मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, “पायऱ्या उतरून डाव्या हाताला. तिथे एक भटजी छत्री लावून बसतो, त्याच्यासमोर.” आणि फोन ठेवला.

छत्री होती, भटजी नव्हता. आईने डाव्या हाताला जाऊन पाण्यात पाय सोडले. अर्धा-पाऊण तास बसली असेल. बुधवार होता, गोदाघाटावर बाजार भरला होता, भाजीवाल्यांचा ओरडा, टेम्पोचे हॉर्न. मी मनात धरून बसले होते की आता ती फुटेल. तसं काही झालं नाही. उठली, लुगड्याचा काठ पिळला आणि बाजारात शिरली. द्राक्षांचा हंगाम होता. एका बाईच्या पाटीपाशी बसली आणि भावावरून अशी काही घासाघीस सुरू केली की मी बघतच राहिले. आमची आई लालबाग मार्केटात प्रसिद्ध होती या गोष्टीसाठी, कांदेवाला तिला लांबून बघून पाटी झाकायचा. जुलैपासून ती सांगतील ते पैसे मुकाट्याने देत होती. त्या दिवशी ती एक फेरी उठून निघाली, बाईने परत बोलावलं, मग पुन्हा बसली. दोन किलो घेतली. गुरुवारी कसारा घाटातून येताना निम्मी आम्हीच संपवली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. किती दिवस? आम्हाला सात पुरले. कुठे? जिथे तुमचे वडील तुम्हाला न्यायचे तिथे, आईबरोबर, आणि स्वतःच्या गाडीने नको. गाडी चालवणाऱ्याला रडता येत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना त्याआधीपासून राज्यात कुठेही फुकट, त्यामुळे पैशाचं कारण सांगू नका. स्पिती पुढच्या वर्षी करा, जून ते सप्टेंबरमध्ये, आणि शिमल्याकडून किन्नौरमार्गे चढा, म्हणजे उंची टप्प्याटप्प्याने वाढते.

एक गोष्ट खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. त्या काळात मी डॉक्टरांकडेही जात होते, मानसोपचारवाल्या, जवळपास वर्षभर, गोळ्याही होत्या. झोप परत आली ती बरीचशी त्यांच्यामुळे. एसटीने झोप येते असं म्हणून कोणी गोळ्या बंद करू नका. जगण्यातच अर्थ वाटत नसेल तर पास वगैरे सगळं राहू द्या, आधी १४४१६ ला फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि तुमचं तुमच्या आईशी पटतच नसेल तर माझं हे सगळं उत्तर तुमच्या कामाचं नाही, मग मावशी, मैत्रीण, कोणी बघा.

घरात असा एखादा दादा असेल तर त्याला निघाल्यावर सांगा, आधी नाही. आमचा दादा अजून प्रत्येक कार्यात चारचौघांत म्हणतो, “हिने आईला एसटीत हाल करून फिरवलं.” मी आता उत्तर देत नाही. उत्तर आईच देते. तिला गेल्या दोन वर्षांपासून तिकीट लागत नाही, आधारकार्ड ब्लाउजमध्ये ठेवून ती चाळीतल्या दुसऱ्या एका आजीला घेऊन परस्पर निघते. मागच्या महिन्यात सकाळी फोन आला, “माणगावला गाडी अडकलीय, म्हणून म्हटलं तुला कळवावं.” कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, बघू. दहाच मिनिटांत दादाचा फोन. मी स्पीकरवर टाकला आणि कपड्यांच्या घड्या घालत बसले.