कर्बपत

प्रश्न: खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षिका लिहितात, "पर्यावरण दिनाच्या भित्तिपत्रकावर मुलांनी 'उष्णकटिबंधातील जंगले वाचवण्यासाठी कार्बन श्रेये विकली जातात' असे वाक्य लिहिले आहे. 'श्रेय'चे 'श्रेये' असे अनेकवचन चालेल का? शिवाय शेजारच्या कन्नड शाळेच्या फलकावर कार्बनसाठी 'इंगाल' असा शब्द दिसतो. त्याचा आपल्या 'इंगळा'शी काही संबंध आहे का?"

उत्तर: बाई, 'श्रेये' चालेल की नाही हे ठरवण्याआधी मुळात 'श्रेय' चालते का ते पाहिले पाहिजे, आणि ते चालत नाही. यात तुमच्या मुलांचा दोष नाही. गेल्या पावसाळ्यात बेळगावात एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्त्यांनी तासाभरात 'कार्बन श्रेय' हा शब्द बावीस वेळा उच्चारला. मी वहीच्या कडेला रेघा ओढून मोजले, म्हणून आकडा पक्का आहे.

हे 'श्रेय' म्हणजे इंग्रजी 'कार्बन क्रेडिट'मधल्या 'क्रेडिट'चे भाषांतर. 'क्रेडिट'चे कौतुकाचे आणि परीक्षेतल्या श्रेयांकांचे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. ते बाजूला ठेवतो. 'श्रेयस्' म्हणजे 'अधिक चांगले'. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगितले आहेत, त्यांतले हे श्रेय. मराठीत श्रेय दिले जाते, घेतले जाते, आणि निवडणूक जवळ आली की लाटलेही जाते. परंतु ते कोणी टनावर विकल्याचे ऐकिवात नाही. कार्बन क्रेडिट मात्र टनावरच विकले जाते. एक क्रेडिट म्हणजे हवेत न गेलेला किंवा हवेतून काढून घेतलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, अथवा तितकीच उष्णता कोंडणारा दुसरा वायू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कर्ब, म्हणजे कार्बन, असतो आणि एक टन कर्ब जळाला की त्याचा पावणेचार टनांच्या जवळपास वायू होतो. तेव्हा उभे जंगल हा किती मोठा साठा आहे, याचा अंदाज मुलांना फळ्यावरच्या गुणाकाराने करून देता येईल.

झाड लावल्याबद्दल मिळणारे क्रेडिट समजायला सोपे असते, कारण झाड दिसते. 1997 च्या क्योटो हवामान करारानंतर जे नियम ठरले, त्यांत विकसनशील देशांतील वनांपैकी नव्या लागवडीलाच तेवढी जागा मिळाली. असलेले जंगल न तोडल्याबद्दल काही मिळत नव्हते. 2005 साली माँट्रियलच्या हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या दोन देशांनी हा मुद्दा मांडला, 2007 साली बालीत तो वाटाघाटींत रीतसर दाखल झाला आणि त्यातून 'रेड प्लस' या नावाची व्यवस्था उभी राहिली. येथे मोजायची वस्तू चमत्कारिक आहे. न तुटलेले झाड मोजायचे असते. म्हणजे हा पैसा आला नसता तर दर वर्षी किती जंगल तुटले असते याची एक आधाररेषा आधी काढायची, प्रत्यक्षात तुटलेले जंगल त्यातून वजा करायचे, आणि उरलेला फरक विकायचा. जे घडलेच नाही, ते किती घडले असते हे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते. ते मान्य करावे लागते.

आणि मान्य करण्याच्या या गोष्टीला मराठीत शब्द आहे: पत.

बेळगावातल्या कोणत्याही पेठेत मान वर करून चाला, दर शंभर पावलांवर एक दुभाषी पाटी दिसेल. मराठीत 'सहकारी पतसंस्था' आणि कन्नडमध्ये 'पत्तिन सहकारी संघ'. 'पत्तिन' म्हणजे 'पतविषयक'. हा शब्द दोन्ही भाषांच्या अंगात इतका मुरला आहे की कोणी कोणाकडून घेतला याचा वाद कोणाला सुचत नाही. त्या पाटीखालच्या खिडकीशी कर्ज मागायला गेलेल्या माणसाला कारकून पहिला प्रश्न विचारतो, "जामीन कोण?" जंगलाच्या व्यवहारातही जामीन असतो, हे फार थोड्यांना माहीत असते: उद्या वणवा लागून वाचवलेले जंगल जळाले तर काय, म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या क्रेडिटांपैकी काही भाग विक्रीला न काढता सामाईक राखीव साठ्यात ठेवून घेतात.

'पत' कोठून आली? ती 'पत्रा'वरून, म्हणजे हुंडीच्या कागदावरून आली, असे छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना हुंडी ठाऊक असेल, प्राकृत ठाऊक नाही. माझ्या मते 'पत' ही 'प्रत्यया'ची लेक आहे. यावर नेहमीचा आक्षेप असा की संस्कृत 'त्य'चा प्राकृतात 'च्च' होतो, जसे 'सत्य'चे 'सच्च', आणि पालीत 'प्रत्यया'चे 'पच्चय' झालेही आहे. आक्षेप बरोबर आहे, पण अपुरा आहे. प्राकृतात 'विश्वास ठेवणे' या अर्थी 'पत्तिअ' असा धातू आहे. त्यात 'त्' आणि 'य' यांच्यामध्ये 'इ' शिरल्यामुळे 'त्त' शाबूत राहिला, आणि हिंदीतले 'पतियाना' तेथूनच आले. त्याच कुळात आपली 'पत' बसते. पत म्हणजे आलेला प्रत्यय. तुमच्याविषयी चार लोकांना आजवर जे अनुभवास आले, त्याची गोळाबेरीज.

इंग्रजी शब्दाचे कूळ तर याहून जवळचे निघते. 'क्रेडिट' लॅटिनमधील 'क्रेदो', म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', या क्रियापदाच्या घराण्यातला आहे, आणि 'क्रेदो' व आपली 'श्रद्धा' या सख्ख्या बहिणी आहेत: 'श्रत्' अधिक 'धा'. यातल्या 'श्रत्'चा मूळ अर्थ हृदय असावा की नाही यावर पंडित भांडतात, त्यांना भांडू द्यावे. बहिणी असण्याविषयी वाद नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील श्रद्धासूक्त 'श्रद्धयाग्निः समिध्यते' असे सुरू होते, म्हणजे श्रद्धेने अग्नी पेटवला जातो. आजचे व्यापारी त्याच शब्दाने अग्नी न पेटवल्याचे पैसे मोजतात, ही गंमत मला अनेक दिवस पुरली आहे.

बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही मात्र 'जमा'चा हट्ट धरतात. खतावणीच्या एका बाजूला 'नावे' आणि दुसऱ्या बाजूला 'जमा', तेव्हा 'कार्बन जमा' म्हणा, असे त्यांचे म्हणणे. जमा ही आलेल्या गोष्टीची होते, हे त्यांनी आयुष्यभर पेढीत बसूनही विसरावे याचे आश्चर्य वाटते. येथे काहीच आलेले नाही, काहीतरी गेलेले नाही एवढेच. शब्दाची खरी परीक्षा तो बिघडताना होते. 2023 साली 'सायन्स' या नियतकालिकात सहा देशांतील 26 प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तशाच, परंतु राखणीबाहेरच्या जंगलांशी ताडून पाहता बहुतेक प्रकल्पांनी जंगलतोडीत म्हणण्यासारखी घट केलेली नव्हती, आधाररेषाच फुगवून काढलेल्या होत्या. यानंतर त्या क्रेडिटांचे काय झाले हे एका मराठी वाक्यात सांगून पाहावे. त्यांचे 'श्रेय गेले' असे म्हणता येत नाही, 'जमा गेली' हेही जमत नाही. त्यांची पत गेली. आणि एका रानातली कुऱ्हाड अडवल्यावर ती पलीकडच्या रानात चालू लागते, त्याला 'गळती' म्हणतात. ती मोजायची राहिली तरीही जाते ती पतच.

आता 'इंगाल'. कन्नडवाल्यांनी येथे आपल्याला मागे टाकले आहे, हे सीमाभागातल्या मराठी माणसाने मोकळ्या मनाने कबूल करावे. लॅटिन 'कार्बो' म्हणजे कोळसा. आपण त्याची शेपटी कापून 'कर्ब' केला, आणि माती परीक्षणाच्या अहवालातल्या 'सेंद्रिय कर्बा'मुळे तो चिकोडी-निपाणीच्या शेतकऱ्याच्या तोंडी रुळलाही. कन्नडने मात्र थेट कोळशाचाच शब्द उचलला. संस्कृत 'अंगार', प्राकृत 'इंगाल', त्याचा मराठीत 'इंगळ'. तेव्हा तुमची शंका रास्त आहे, इंगाल आणि इंगळ एकच. आपला इंगळ चुलीत अजून धगधगतो आहे, त्यांचा विझून रसायनशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला आहे.

हा 'इंगाल' जैनांच्या अर्धमागधी आगमांत एका अशा ठिकाणी भेटतो की मी तो उतारा वाचून उठून उभा राहिलो होतो. उपासकदशा या ग्रंथात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांची यादी आहे. त्यांतला पहिला 'इंगालकम्म', म्हणजे कोळसा पाडणे. दुसरा 'वणकम्म', म्हणजे रान तोडून विकणे. आणि पुढे त्याच यादीत 'दवग्गिदावणया', म्हणजे वणवा लावणे. आज ॲमेझॉनच्या खोऱ्यात किंवा बोर्निओत जंगलाचा कर्ब ज्या वाटांनी हवेत जातो, त्यांतल्या तीन ठळक वाटा एका यादीत आल्या आहेत, आणि त्यांतल्या पहिलीचे नाव कन्नड शाळेच्या फलकावर आहे. ही यादी श्वेतांबर आगमातली आहे आणि आपल्या जिल्ह्यातले जैन बहुतांशी दिगंबर, हे मला ठाऊक आहे. तेवढ्यासाठी कोणी पत्र पाठवू नये. माझा आग्रह एवढाच, की 'इंगाल' हा शब्द परका समजून फलकावरून नजर फिरवू नये.

राहिले अनेकवचन. 'श्रेय' नपुंसकलिंगी, त्यामुळे 'श्रेये' व्याकरणाला धरून होते, पण तो शब्दच आपण बाद केला. 'पत' स्त्रीलिंगी आणि ती सहसा एकवचनातच नांदते. 'भिंत-भिंती'प्रमाणे तिला चालवले तर 'दहा पती' होतील आणि वर्गात हसू पिकेल. 'वाट-वाटा'प्रमाणे चालवले तर टपालातला पता होईल. त्यापेक्षा एक क्रेडिट म्हणजे एक टन ही सोय हाताशी आहे, ती वापरावी आणि फलकावरचे वाक्य असे करावे: 'जंगल न तोडल्याबद्दल दहा हजार टन कर्बपत विकली गेली.' 'कर्बपत' एका शब्दात लिहावा, मध्ये जोडरेघ नको.