घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून करावं असं हस्तकलेचं काम सुचवा. घरात लहान मूल, शाळकरी मुलं आणि आजी-आजोबा आहेत. आमची अशी कामं नेहमी अर्धवट राहतात.

शिवलेली वही करा, प्रत्येकाची एकेक. अशी कामं बहुतेक वेळा वाळण्याची वाट बघण्यात अडकतात. रंग ओला, डिंक ओला, तेवढ्यात मुलं कंटाळतात आणि पसारा उचलला जातो तो कायमचा. वहीत वाळवणं एकदाच येतं, तेही रात्रीत उरकतं. पहिल्या दिवशी कव्हरचा कागद रंगवायचा, दुसऱ्या दिवशी शिवायचं. सगळ्यांत मिळून एकच वही मात्र करू नका. एकाच्या हातात सुई आणि बाकीचे सूचना देणारे, अशी बैठक फार वेळ टिकत नाही.

कव्हरसाठी खळीचा कागद घ्या, म्हणजे रंगीत खळ पसरून तिच्यात नक्षी काढलेला कागद. हे बुकबाइंडिंगमधलं जुनं तंत्र आहे. अठराव्या शतकात जर्मनीतल्या हेर्नहूटचे असे कागद नावाजलेले होते. पाव वाटी कॉर्नफ्लोअर पाव वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. त्यात एक वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढुरकेपणा कमी होऊन खळ चमच्यावरून जाडसर ओघळायला लागली की उतरवा आणि अर्धी वाटी गार पाणी घालून घोटा. पूर्ण गार झाली की तीन-चार वाट्यांत वाटून प्रत्येक वाटीत चमचा-दोन चमचे अॅक्रिलिक रंग मिसळा. पोस्टर कलर नको, वही हाताळताना तो ओलसर बोटांना लागत राहतो.

कागद १५० ते २०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ड्रॉइंग पेपर असावा. रंग लावण्याआधी ओल्या स्पंजने तो दोन्ही बाजूंनी दमट करून घ्या. ही पायरी गाळली तर एकाच बाजूने भिजलेला कागद गुंडाळत जातो आणि मधे फुगवटे येतात. मग रुंद ब्रशने खळ सगळीकडे सारखी पसरा आणि ओली आहे तोवर तिच्यात ओरखडे काढा: बोटाने, काट्याच्या चमच्याने, कडेला दाते कापलेल्या जुन्या प्लास्टिक कार्डाने. ओढलेली रेघ लगेच भरून येत असेल तर खळ पातळ आहे, पुन्हा थोडी शिजवा. ब्रश अडखळत गोळे उमटत असतील तर चमचाभर पाणी घाला. नक्षी आवडली नाही तर वरून ब्रश फिरवून पुन्हा काढता येते, म्हणून चार वर्षांचं मूलही इथे मनसोक्त काम करतं. रात्रभर सपाट वाळू द्या. सकाळी मागच्या बाजूने, मधे साधा कागद ठेवून, कमी गरम इस्त्री फिरवा आणि तासभर जड पुस्तकांखाली दाबा.

आतल्या पानांसाठी ८० जीएसएमचे आठ ए४ कागद मधोमध दुमडायचे. ३२ पानी वही होते. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बरेचसे एकाच दिशेने बसतात. घडी त्या दिशेने घातली तर नीट बसते, आडवी घातली तर फुगते आणि वही मिटून राहत नाही. ए४ कागदात तंतू सहसा लांब बाजूने असतात, म्हणजे आपली घडी आडवीच पडते. त्यावर उपाय म्हणजे ए३ कागद आणून मधोमध कापायचा. त्यातून निघालेल्या ए४ मध्ये दिशा बरोबर येते. शंका असेल तर कागद लांब आणि आखूड अशा दोन्ही बाजूंनी न मोडता हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो तीच घडीची बाजू. ए४च वापरायचे असतील तर चार-चार कागद एकदम दुमडा आणि चमच्याच्या पाठीने घडी घासून घ्या. हे घासायचं काम आजोबांना द्या, नेट लागतो. कव्हर २१ × ३०.५ सेंटिमीटर कापून तेही असंच दुमडा.

भोकांसाठी आधी २१ सेंटिमीटर लांबीच्या कागदी पट्टीवर २, ६.२, १०.५, १४.८ आणि १९ सेंटिमीटरवर खुणा करा. पानं कव्हरमध्ये बसवून वही जाड पुठ्ठ्यावर अर्धवट उघडी धरा, पट्टी घडीत ठेवा आणि दाभणाने आतून बाहेर, अगदी घडीच्या रेषेवर टोचा. भोक मिलिमीटरभर बाजूला गेलं तरी कव्हर तिरकं बसतं. दाभण मोठ्यांच्याच हातात असू द्या.

दोरा ६० सेंटिमीटर, जाड सुती, मेणबत्तीवरून दोनदा ओढलेला. मेण लावल्याने गुंता होत नाही आणि गाठ धरून राहते. शिलाई मशीनचा बारीक दोरा कागद चिरतो. भोकांना वरून १ ते ५ म्हणू. आतून ३ मधून बाहेर निघा आणि दहा सेंटिमीटर टोक आत सोडा. ४ मधून आत, ५ मधून बाहेर, पुन्हा ४ मधून आत. मग ३ ओलांडून २ मधून बाहेर, १ मधून आत, २ मधून बाहेर आणि शेवटी ३ मधून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्याच्यावर दुहेरी गाठ मारा. दोरा घट्ट करताना नेहमी घडीच्या रेषेत ओढायचा. वर, आपल्याकडे ओढला की भोकापासून कागद फाटतो. बिघडलेल्या वह्यांत हेच जास्त दिसतं. सुई बोथट टोकाची चालते, भोकं आधीच पडलेली असल्याने आठ वर्षांचं मूल एकट्याने शिवू शकतं.

शिवल्यावर आतली पानं कव्हरच्या कडेजवळ पायरी-पायरीने पुढे आलेली दिसतील. दुमडलेल्या गठ्ठ्यात हे व्हायचंच, म्हणून पानं आधी कापून सारखी करण्यात अर्थ नाही. आता धातूची पट्टी दाबून धारदार कटरने हलके आठ-दहा फेरे मारा. एका जोरात कापायला गेलात तर खालची पानं सरकतात. कटरचं पातं जुनं असेल तर कापूच नका, तशी कडही छान दिसते.