एक आकडा, तोही रद्द!

प्रश्न : मुलगी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.८. प्रकल्पात मातीतलं सक्शन, म्हणजे मातीतल्या पाण्याची ओढ, मोजते. तीन आठवड्यांत एकच आकडा आला, तोही सरांनी रद्द केला. तरी पुढे पदव्युत्तर शिक्षणातही तिला हेच शिकायचंय. मातीत पाणी गेलं की ती मऊ होते, यात दोन वर्षं शिकण्यासारखं काय आहे? हे तिला जमणार नाही, हे तुम्हीच पटवून द्या. – एक पालक

उत्तर : नाही पटवून देणार. पत्र मुलीबद्दल आहे, पण तिचं स्वतःचं एकही वाक्य त्यात नाही. गुणांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती एका रद्द आकड्यावरून घरात लागलेल्या निकालाची.

ती बहुधा फिल्टर पेपरची पद्धत वापरत असावी. भट्टीत वाळवलेला ४२ नंबरचा कागद मातीला चिकटवून हवाबंद डब्यात किमान ७ दिवस ठेवायचा, मग चिमट्याने उचलून काही सेकंदांत वजन करायचं; कागदाने किती पाणी शोषलं, त्यावरून सक्शन काढतात. कागद असतो जेमतेम पाव ग्रॅमचा. त्यात अडीच मिलिग्रॅम पाणी इकडेतिकडे झालं, तर कोरड्या मातीत सक्शनचा आकडा सुमारे २० टक्क्यांनी चुकतो. झाकण सैल राहिलं, खोलीचं तापमान हललं, बोट लागलं, की आठवडा गेला. कागद मातीला नीट टेकला नाही, तर मोजायचं होतं त्याहून वेगळंच सक्शन मोजलं जातं. असा आकडा सरांनी रद्द केला, म्हणजे ती योग्य माणसाकडे शिकतेय.

आता ‘पाणी गेलं की मऊ’बद्दल. कोरडी वाळू मुठीत राहत नाही, ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो, पाण्यात बुडवली की पुन्हा ढासळते. कणांच्या सांध्यांत अडकलेलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढतं, ते सक्शन. ०.०१ मिलिमीटरच्या पोकळीत ही ओढ २९ किलोपास्कलच्या आसपास भरते, चिकणमातीत कितीतरी जास्त. इथवर सोपं आहे. पण सैलसर दाबलेला भराव हलक्या भाराखाली भिजला तर फुगू शकतो, आणि तीच माती जड भाराखाली भिजली तर खचते. सक्शन गेल्यावर ताकद घटते हे मृदा-अभियंता बिशप यांच्या १९५९च्या सूत्रात बसतं, पण हे खचणं बसत नाही, असं जेनिंग्ज आणि बरलँड या संशोधकांनी १९६२मध्ये दाखवलं. दोन्ही एकाच चौकटीत मांडणारं प्रारूप यायला १९९० उजाडलं. दोन वर्षं पुरली तरी खूप झालं.

प्रवेश परीक्षेबद्दल वेगळं सांगायला नको, तिचे वर्गमित्र तीच देताहेत.

मुलीलाही एक सांगायचंय. कोडिंग टाळायला म्हणून माती निवडत असशील, तर आत्ताच थांब. पाण्याचा प्रवाह आणि मातीचं विरूपण (दबणं-फुगणं) एकत्र सोडवणारी गणितं हाताने होत नाहीत, प्रोग्रॅमिंग करावंच लागतं. आणि सात-सात दिवस झाकण न उघडता थांबणं नकोसं होत असेल, तर स्ट्रक्चर्सकडे, म्हणजे इमारती-पुलांच्या रचनेकडे वळ, त्यात कमीपणा नाही.

पालकहो, पुढचं पत्र तिला लिहू द्या. तो आकडा नेमका कशामुळे रद्द झाला आणि पुढचा डबा ती कसा बंद करणार आहे, एवढंच लिहायला सांगा.