आईचा रक्तदाब, दुरून

प्रश्न : आई चिपळूणजवळ गावी एकटीच असते. तिच्या रक्तदाबाच्या नोंदी मी पुण्याहून डॉक्टरांना पाठवल्या तर चालेल का?

उत्तर : जरूर चालेल, मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला देऊ शकतात, आणि ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा विनामूल्य आहे. खरी काळजी घ्यायची ती मोजताना. आईंनी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पट्टा पोलक्याच्या बाहीवर न बांधता उघड्या दंडावर बांधावा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसह लिहावेत. ‘आत्ताच चुलीपासून उठले’ म्हणून वाढलेला आकडा गाळणे मला फार घातक वाटते. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा अधिक राहिल्यास डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखले किंवा बोलणे अडखळले, तर मात्र थेट १०८ ला फोन करावा.