मिशिगनमध्ये राहतो. कॅम्पिंगसाठी ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावा की पार्क मॉडेल?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं, तर मी वाचून पुढे गेले असते. नवरा-बायको, दोन मुलं, उन्हाळ्यात आई-वडील भारतातून येतात, गाडी 5,000 पाउंड ओढते, ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायचं फिरतं घर) घ्यावा की पार्क मॉडेल (कॅम्पिंगच्या पार्कात एकाच जागी ठेवायचं छोटं घर), इथवर ठीक. पण पुढे लिहिलंय, ‘मोठा भाऊ म्हणतो ट्रेलर हायवेवर लटपटतो, जिवाला धोका, त्यापेक्षा पार्क मॉडेल घेऊन टाक.’

हे वाक्य मी 2018पासून दर दिवाळीच्या फराळाला ऐकते आहे. आमच्याकडे ते माझे मोठे दीर म्हणतात, चकली मोडता मोडता. पाहुण्यांसमोर उलट बोलणं बरं दिसत नाही, म्हणून इथे बोलते.

ट्रेलर घ्या. का, ते जरा लांबून सांगते.

मी शिरोळ तालुक्यातली. वडिलांचा ट्रॅक्टर कारखान्याला ऊस वाहायचा, मागे दोन ट्रॉल्या. गळिताच्या दिवसांत काट्यापुढे रात्र-रात्र रांग. जोडट्रॉल्या रिव्हर्स घेणारा माणूस ज्याने लहानपणी बघितलाय, त्याला इथल्या ट्रेलरचं फारसं कौतुक वाटत नाही. पण मला खरं कामाला आलं ते आजोबांचं बैलगाडीतलं शिक्षण. कडबा भरायचा असो की खत, ते एकच बघायचे: गाडी ‘उलाळ’ तर होत नाही ना. चाकाच्या मागे वजन जास्त झालं की पुढचं जू वर उचलायला बघतं आणि चढाला बैलांचे गळे आवळतात. फार पुढे भरली तर मानेवर ओझं. मधलं साधायचं. अमेरिकेत याला टंग वेट म्हणतात आणि भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, यायला हवं असं पुस्तकात छापतात. आजोबांना टक्के माहीत नव्हते. ते धुरा उचलून बघायचे.

तर जुलै 2018. आमचा 26 फुटी ट्रेलर, सेकंडहॅंड, पहिलाच लांबचा प्रवास. नोव्हायहून, म्हणजे आमच्या गावाहून, थेट अप्पर पेनिन्सुला, म्हणजे मिशिगनचा पुलापलीकडचा उत्तर भाग, टाक्वामेनॉनचा धबधबा. आम्ही चौघं पुढे; मागून भाऊजी, जाऊबाई आणि सासूबाई त्यांच्या गाडीत. आदल्या संध्याकाळी भाऊजी आले. ट्रेलर जोडलेला, आणि आमच्या गाडीचं मागचं बूड खाली बसलेलं. ‘अरे, पुढे केवढं वजन टाकलंय! सगळं मागे घे.’ झालं. तांदळाची गोणी, बिडाचा तवा, जनरेटर, खुर्च्या, सगळं मागच्या बंकखाली गेलं. चार सायकली मागच्या बंपरवर. आणि पाण्याची टाकी घरूनच गच्च भरायची, कारण ‘तिथलं पाणी कसं असेल कोण जाणे’. टाकी 40 गॅलनची, चाकांच्या मागे. एक गॅलन पाणी म्हणजे 8.34 पाउंड. करा हिशेब.

मी म्हटलं, भाऊजी, गाडी उलाळ होईल. ते हसले. ‘अगं, ही काय बैलगाडी आहे?’ नवऱ्याने भावाचं ऐकलं. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे नमूद करून ठेवते. (बूड बसलं होतं ते वेट डिस्ट्रिब्युशन हिचच्या, म्हणजे वजन गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या जोडाच्या, सळ्या नीट ताणल्या नव्हत्या म्हणून. हे आम्हाला पुढे कळलं.)

वेस्ट ब्रांच गाव ओलांडलं. नवरा ताशी 70 मैलांनी चालवत होता. डावीकडून एक सेमी ट्रक गेला. त्याच्या हवेने ट्रेलर आधी बाहेर ढकलला, मग आत ओढला, आणि मग तो झुलायचा थांबेचना. डाव्या आरशात ट्रेलर, उजव्या आरशात ट्रेलर, पुन्हा डाव्या. नवऱ्याचा पाय ब्रेककडे गेला. मी ओरडले, ‘ब्रेक नको!’ आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची पट्टी बोटांनी दाबून धरली. ती फक्त ट्रेलरचे ब्रेक लावते. ट्रेलर मागे ताणला जातो आणि गाडीच्या रेषेत येतो. आदल्या रात्री दोघे भाऊ सामान मागे नेत होते, तेव्हा मी त्या कंट्रोलरची पुस्तिका वाचत बसले होते. सगळं मिळून सात-आठ सेकंद. मुलगी मागे टॅबवर कार्टून बघत होती, तिने मानही वर केली नाही.

आम्ही आत होतो, आम्हाला अर्धंच दिसलं. मागून येणाऱ्या भाऊजींना सगळं दिसलं. म्हणून ते आमच्याहून जास्त घाबरले, हे मी समजू शकते. पुढच्या रेस्ट एरियात त्यांचे हात कापत होते.

तिथे मी ट्रेलरखाली आडवी झाले आणि टाकीचा कॉक उघडला. वीसेक मिनिटं पाणी गवतात जात होतं. गोणी, तवा, जनरेटर पुढे आणले. दोन सायकली भाऊजींच्या गाडीत कोंबल्या. सळ्या एक कडी वर घेतल्या. आणि चावी मी घेतली. 60च्या वर नाही. ट्रेलरच्या कित्येक टायरांची मर्यादाच ताशी 65 मैल असते, ते कोणी बघत नाही. दीड तास सेमी येत होते, जात होते. ट्रेलर रेषा सोडत नव्हता. तोच ट्रेलर, तोच रस्ता, तोच दिवस.

संध्याकाळी मॅकिनॉ पूल. पाच मैलांचा, 1957 सालचा, खाली दोन सरोवरांचं पाणी एकमेकांत मिसळतंय. वारा ताशी 35 मैलांच्या वर गेला की ट्रेलरवाल्यांना पुलाची माणसं आपल्या गाडीमागून सोबतीने नेतात, 20च्या वेगाने. त्या दिवशी वारा तसाच होता. पंधरा मिनिटं. शेजारच्या लेनमधली लोखंडी जाळी भुणभुणत होती. मी एकदाही खाली बघितलं नाही आणि एकदाही थांबले नाही. पलीकडे सेंट इग्नेसला पोचल्यावर सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बोलल्या काही नाहीत. तिथे पास्टी मिळते, कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी आणलेली, मांस-बटाटा भरलेली वीतभर करंजीच ती. ती खाल्ली.

आता गंमत बघा. भाऊजी ही गोष्ट सांगतात त्यात रेस्ट एरिया नसतो. टाकी नसते. ट्रेलर झुलतो, आणि एकदम ‘दैव बलवत्तर म्हणून वाचले’. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पार्क मॉडेल घेतलं. तुमच्या भावाने नक्की काय बघितलंय ते त्यांना विचारा. आणि टाकी कुठे होती, तेही.

तुमच्या गाडीबद्दल. 5,000 हा आकडा विसरा, तो विक्रेत्याचा आकडा आहे. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळा स्टिकर आहे, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालेल ते लिहिलंय. आमच्या तेव्हाच्या गाडीचे 1,450 होते. आम्ही चौघं 560. हिच 80. भरलेला ट्रेलर 6,400, त्याचे 12 टक्के म्हणजे 768. उरले 42 पाउंड. त्यात कुकर आणि कणकेची पिशवी मावते, सासूबाई मावत नाहीत. तुमचा ट्रेलर पूर्ण भरून 4,000च्या आतलाच हवा, आणि आई-वडील असतील तेव्हा दुसरी गाडी काढावी लागेल. कोरं वजन बघून खरेदी करू नका. कोरा ट्रेलर घेऊन कोणी कॅम्पिंगला जात नाही. पहिल्या फेरीला ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, घाला. वीसेक डॉलरच्या आत काम होतं. उसाची ट्रॉली काट्यावर न जाता गव्हाणीत जात नाही, आणि इथे लोक पोरंबाळं बसवून अंदाजाने निघतात.

पार्क मॉडेलला ट्रेलर म्हणणंच मला पटत नाही. 400 चौरस फुटांपर्यंतचं छोटं घर आहे ते. खाली चाकं असतात, पण ती स्कर्टिंगमागे, म्हणजे घराच्या खालच्या झालरीमागे, लपलेली, लग्नातल्या आहेरासारखी, एकदा दाखवून कपाटात. रस्त्यावर साडेआठ फुटांहून रुंद काही न्यायचं तर परवाना लागतो आणि भाऊजींचं आहे 12 फुटी. म्हणजे हलवायचं तर ट्रकवाला, परवाना, डेक तोडा, सगळं आलं. घर तुमचं, जमीन पार्कच्या मालकाची. कूळ म्हणावं तर कूळकायदा नाही. भाऊजींच्या पार्कचा मालक तीन वर्षांपूर्वी बदलला. हंगामाचं भाडं 2,800 डॉलर होतं ते 4,100 झालं. विकायचं तर गिऱ्हाईक नव्या मालकाला पसंत पडायला हवं. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाणी चालू, नंतर नळ बंद. सहा महिने वापरायचं आणि बारा महिने काळजी करायची. आम्ही मात्र पोर्क्युपाइन पर्वत बघून आलो, लडिंग्टन बघितलं, टाक्वामेनॉनला तर तीनदा गेलो. चहाच्या रंगाचं पाणी कोसळताना बघायला मला आजही आवडतं.

बरं, आता खरं तेही सांगायला हवं. 2021मध्ये आमच्या ट्रेलरच्या छतातून पाणी आलं. एका कोपऱ्यातलं सीलंट तडकलं होतं, ते मी वर चढून बघायला हवं होतं, बघितलं नव्हतं. आतली भिंत फुगली. तो सगळा ऑगस्ट आम्ही भाऊजींच्या पार्क मॉडेलमध्ये काढला. सासूबाईंचे गुडघे तेव्हा फार दुखायचे आणि आमच्या ट्रेलरच्या त्या घडीच्या लोखंडी पायऱ्या त्यांना चढवेनात. तिथे डेकवरून सरळ आत. घरातल्यासारखं टॉयलेट, थेट ड्रेनेजला जोडलेलं. ब्लॅक टॅंक, म्हणजे संडासाची टाकी, रिकामी करणं नाही. (आमच्याकडे ते काम नवरा करतो. इंजिनिअर.) जाऊबाईंनी डेकशेजारी कुंडीत अळू लावलंय, दर शनिवारी अळूवडी. शेजारच्या आजीबाईंकडून त्या यूकर हा पत्त्यांचा डाव खेळायला शिकल्या आणि आता पार्कात त्यांना कोणी हरवत नाही. मुलांना तिथे ठरलेले मित्र आहेत. आमच्या मुलांना दर वेळी नवे शोधावे लागतात. आणि स्टेट पार्कात उन्हाळ्यातला शनिवार-रविवार हवा तर सहा महिने आधी बुकिंग. मी जानेवारीत बर्फ बघत जुलै ठरवते.

त्यामुळे तुमचे आई-वडील दर वर्षी दोन-तीन महिने राहणार असतील आणि त्यांना पायऱ्या जमत नसतील, तर भाड्याने एखादं पार्क मॉडेल आठवडाभर घेऊन बघा, मी नाही म्हणणार नाही. पण ते पायऱ्यांसाठी घ्या, नळासाठी घ्या. ट्रेलर लटपटतो म्हणून घेऊ नका.

आणि ट्रेलर घेतलात तर पाण्याची टाकी पोचल्यावर भरा. तिथलं पाणी चांगलं असतं.