बाईंना विचारा: कागदाकडे न बघता चित्र काढायचं, ही काय थट्टा आहे?

मागच्या अंकात मी ऑनलाइन चित्रकला क्लासबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर लिहा असं सहज म्हटलं होतं, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॅप असा ढीगच पडला. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही. पाच निवडलीयत, त्यातल्या पहिल्या दोघांना जरा जास्त जागा दिलीय कारण बाकी बऱ्याच जणांचं दुखणं तेच आहे.

नमस्कार बाई. मी ५४ वर्षांची, सांगलीला असते. बँकेतून व्हीआरएस घेतली आणि मुलीने वाढदिवसाला ऑनलाइन चित्रकलेचा क्लास लावून दिला, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी. महिना झाला, अजून एक धड चित्र झालेलं नाही. कधी म्हणे कागदाकडे न बघता स्वतःचा हात काढा, कधी डाव्या हाताने काढा, एकदा तर चित्र उलटं ठेवून काढायला लावलं. मग सगळे आपापले कागद कॅमेऱ्यासमोर धरतात आणि हसतात. परवा हे मागून आले आणि म्हणाले, आपला नातू यापेक्षा बरं काढतो. फी भरून टाइमपास चाललाय का? — एक वाचक, सांगली

ताई, पहिली गोष्ट, पुढच्या क्लासला यजमानांच्या हातात पण एक पेन्सिल द्या. मागे उभं राहून बोलणं सोपं असतं.

आता मुद्द्याचं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लहानपणापासून चित्रांचा एक ठरलेला साठा असतो. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, एक नारळाचं झाड, टिकमार्कसारखे पक्षी. डोळा म्हटलं की माशासारखा आकार आणि मधे गोळा. हात म्हटलं की पाच काड्या. तुम्ही समोर खरा हात ठेवून बसलात तरी पेन्सिल काढते तो साठ्यातला हात, कारण डोळा एकदा बघतो आणि मग सगळा वेळ कागदावरच खिळून राहतो, चांगलं दिसतंय का, चांगलं दिसतंय का. कागद बघायचाच नाही म्हटल्यावर हा धंदा बंद पडतो. डोळ्याला दुसरं काही कामच उरत नाही, मग तो बघतो.

हे तुमच्या मास्तरांनी मनाने काढलेलं नाही. किमॉन निकोलायडिस म्हणून न्यूयॉर्कमधे शिकवणारे एक शिक्षक होते, त्यांचं पुस्तक ते गेल्यानंतर १९४१ साली आलं, त्यात हा सराव अगदी सुरुवातीलाच आहे. ते सांगतात की पेन्सिलचं टोक कागदावर नाही तर त्या वस्तूवरच टेकलंय अशी कल्पना करा आणि नजर जेवढी सरकेल तेवढीच पेन्सिल सरकवा. म्हणजे मुंगीच्या चालीने. इथेच बहुतेक जण घाई करतात, अर्ध्या मिनिटात हात काढून मोकळे, आणि मग नुसताच विनोद होतो. पाच मिनिटं लावा. कागदाला चार कोपऱ्यात सेलोटेप लावा म्हणजे तो सरकणार नाही. अंगठ्याच्या बुडापासून सुरू करा आणि पेन्सिल उचलू नका.

चित्र बघून हसू येईलच, बोटं सहा होतील, नख भलतीकडेच जाईल. हसा. पण हसून झाल्यावर त्या कागदावर एक जागा शोधा, बोटाच्या पेरावर कातडीला घड्या पडतात तिथली रेष बघा. ती खरी असेल. साठ्यातल्या हाताला तिथे घडीच नसते. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि खरं सांगते, एवढी एक रेष सुद्धा वर्षभर न मिळालेली मुलं मी पाहिलीयत, ज्यांचे कागद दिसायला मात्र एकदम टापटीप.

उलटं चित्र ठेवण्याचा खेळ बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रकला शिक्षिकेच्या पुस्तकामुळे जगभर झाला, १९७९ नंतर. पिकासोने संगीतकार स्ट्राविन्स्कीचं खुर्चीत बसलेलं एक रेखाचित्र केलंय, ते उलटं ठेवून विद्यार्थ्यांना काढायला द्यायचं. उलटं असलं की हे नाक, हा चष्मा अशी नावं चटकन सुचत नाहीत, नुसती वळणं दिसतात, आणि मग ती बरोबर येतात. एडवर्ड्सबाईंनी याला, नावं देतो तो डावा मेंदू आणि नुसतं बघतो तो उजवा, असं स्पष्टीकरण दिलं होतं, ते मेंदूच्या अभ्यासकांना तेवढ्या सरळ वाटणीत पटत नाही, पण खेळ चालतो हे मी स्वतः आठवीच्या वर्गात करून पाहिलंय. डाव्या हाताचं म्हणाल तर माझ्या मते एकदोनदा पुरे, त्यात सवय मोडण्यापलीकडे फार काही नाही.

मात्र तुमच्या क्लासला एक प्रश्न जरूर विचारा. खेळ झाला की त्याच हाताचं नीट बघून, कागदाकडे बघत, वीस मिनिटांचं चित्र करून घेतात का? नसतील घेत तर स्वतः करा, क्लास संपल्यावर लगेच, चहा त्यानंतर. नुसता खेळ आणि टाटा बायबाय असेल तर मग तुमच्या यजमानांचं थोडं तरी बरोबर आहे असं मला म्हणावं लागेल. आणि प्रत्येक कागदावर तारीख टाका, एकही फेकू नका, सहा अंगठ्यांवालेसुद्धा.

बाई, मी तुमच्या शाळेचा नाही पण तू म्हणा प्लीज. आम्ही दहावीचे सात मित्रमैत्रिणी, दोघं पुण्यात, एक ठाणे, बाकी कॅनडा, जर्मनी, सिंगापूर असे पांगलोय. महिन्यातून एकदा कॉल असतो पण अर्ध्या तासात सगळ्यांचं बोलणं संपतं आणि मग पगार आणि गुडघे. एकीने सुचवलं की मिळून काहीतरी ड्रॉइंग करू. चित्र कुणालाच येत नाही. असा काही ग्रुप गेम आहे का जो कॉलवर होईल? — एक वाचक, पुणे

अरे, गुडघे आत्तापासून? असो. आहे, आणि तुम्हाला येत नाही हेच त्याचं भांडवल आहे.

लहानपणी सुट्टीत चिठ्ठ्यांचा खेळ खेळलायस ना, एकाने लिहायचं कोण, कागद दुमडून पुढच्याला, त्याने लिहायचं कुणाबरोबर, मग कुठे, काय करत होते, आणि शेवटी उलगडून मोठ्याने वाचायचं, हेडमास्तर म्हशीबरोबर गच्चीवर पोहत होते वगैरे. हाच खेळ पॅरिसमधे १९२५ च्या सुमारास सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखी अजब चित्रं आणि कविता करणारी मंडळी खेळत बसायची, आंद्रे ब्रेताँ, कवी जाक प्रेव्हेर, चित्रकार ईव्ह टांगी हे सगळे. एका डावात वाक्य निघालं, उमदं प्रेत नवी दारू पिणार, आणि त्यावरून खेळाचं नावच पडलं उमदं प्रेत. मग त्यांनी तोच शब्दांऐवजी चित्रात सुरू केला, डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं, पाय तिसऱ्याचे. आज ती चित्रं मोठमोठ्या म्युझियममधे आहेत. जेवणानंतरचा टाइमपास होता तो.

एका खोलीत असाल तर सोपं आहे, कागदाच्या तीन घड्या. कॉलवर घडी कशी घालणार? मी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर जे करते ते सांगते. प्रत्येकाने आपापल्या कागदावर, कागद सगळ्यांचे एकाच मापाचे, ए-फोर धरा. पहिला डोकं काढतो आणि मानेच्या रेषा खालच्या काठापर्यंत आणून सोडतो. मग तो कागदाच्या फक्त खालच्या बोटभर पट्टीचा फोटो पुढच्याला पाठवतो, ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. पुढच्याने त्या रेषा आपल्या कागदाच्या वरच्या काठावर जुळवून घ्यायच्या आणि तिथून धड सुरू. त्याने तशीच कमरेची पट्टी पुढे. तिसरा पाय काढतो. हे सगळं चालू असताना कॉल चालू, कॅमेरा तोंडावर, कागद कुणी दाखवायचा नाही. सात जण आहात तर सात प्राणी एकदम सुरू करा, प्रत्येक जण डोकं काढतो आणि आधी ठरवलेल्या क्रमाने पुढच्याला पट्टी पाठवतो, म्हणजे कुणी रिकामं बसत नाही. भागाला सात मिनिटं, घड्याळ लावून. जास्त दिलीत की लोक सुंदर काढायला लागतात आणि मग मजा जाते. आणि फुकटच्या झूमवर ग्रुप कॉल चाळीस मिनिटांनी तुटतो हे लक्षात ठेव, आमचा पहिला डाव पाय काढता काढता तुटला होता.

शेवटी तिन्ही फोटो एकाखाली एक ठेवून एकदम स्क्रीनवर. आमच्याकडे एकदा फेटा घातलेलं डोकं, त्याखाली प्रेशर कुकरचं पोट आणि त्याखाली कोंबडीचे पाय निघाले, एक गृहस्थ हसता हसता कॅमेऱ्याच्या बाहेर गेले.

यात चित्र शिकणं कुठे आहे असं विचारशील. पट्टीत. ती बोटभर पट्टी तू इतक्या नीट बघतोस, रेष कुठून कुठे जाते, किती जाड आहे, दोन रेषांमधे अंतर किती, जेवढं तू एरवी पूर्ण चित्र पण बघत नाहीस. आणि लाज वाटायला चित्र कुणा एकाचं नसतंच. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. दोनतीन कॉलनंतर एखादा म्हणेलच की मला जरा हात काढायला शिकायचंय. तेव्हा वरच्या सांगलीच्या ताईंना दिलेलं उत्तर त्याला फॉरवर्ड कर.

मुलगा आठवीत आहे, एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसवायचंय. गावात चित्रकलेचा क्लास नाही. ऑनलाइन चालेल का? — एक आई, जि. परभणी

चालेल, पण खेळांवर नाही. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर असतात आणि ते ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचे असतात. वेळेचा सराव व्हिडिओ बघून होत नाही, कारण व्हिडिओ पॉज करता येतो. त्याला रोज घरातला तांब्या, उलटं ठेवलेलं सूप, उघडी छत्री काढू दे, मोबाइल बाजूला ठेवून, घड्याळ समोर ठेवून. आणि चित्राचा फोटो शिक्षकांना पाठवताना मोबाइल कागदाच्या बरोब्बर वर, सरळ धरायला सांगा. तिरका धरला की तांब्याचं तोंड लंबगोल चुकलेलं दिसतं आणि शिक्षक बिचारे नसलेली चूक सुधारत बसतात.

इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या मुलांसाठी वारलीचं ऑनलाइन वर्कशॉप घ्यायचंय. पंचवीस मुलं, वय ७ ते १२. त्रिकोण, गोल शिकवलं की झालं ना? — एक कार्यकर्ती

झालं म्हणता येईल, पण मग तो भूमितीचा तास झाला. मुलांना आधी सांगा की हे पालघरकडच्या वारली लोकांचं चित्र आहे, गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा ब्रश करतात. लग्नात बायका चौक म्हणजे एक चौकोनी चित्र काढतात, त्यात पालघट देवी असते, त्या चौकाशिवाय लग्न नाही. जिव्या सोमा माशे यांचं नाव सांगा, डहाणूजवळच्या गंजाडचे, रोज चित्र काढणारे पुरुष तेव्हा विरळाच, २०११ साली पद्मश्री मिळाली.

आणि मग खेळ घ्या तारप्याचा, म्हणजे वारल्यांच्या फुंकून वाजवायच्या वाद्याचा. तारपा वाजवणारा मधे आणि त्याच्याभोवती हातात हात घालून नाचणाऱ्यांची वळत जाणारी रांग. प्रत्येक मुलाने आपल्या चौकोनी कागदावर दोनच माणसं काढायची, पण एक अट, डावीकडच्याचा हात कागदाच्या डाव्या काठाला आणि उजवीकडच्याचा उजव्या काठाला, पट्टीने मोजून एकाच उंचीवर टेकला पाहिजे. मोठ्या मुलांपैकी एकाला शिवाय तारपावालाही द्या. सगळे फोटो आले की तुम्ही ते वळणावर जोडा. पन्नास माणसांची रांग होते, आणि कुणाचा हात सुटला तर ते पोर लगेच ओरडतं, माझा चुकला, परत काढतो. कुणी सांगावं लागत नाही.

पोझ खऱ्या माणसाच्या घ्यायला लावा. एकाने कॅमेऱ्यासमोर वाकून उभं राहायचं, बाकीच्यांनी बघून काढायचं, कंबर कुठे वळली, वजन कुठल्या पायावर. नाहीतर पंचवीस मुलांचे पन्नास सारखेच बाहुले येतील.

माझ्याकडे मोबाइल स्टँड नाही आणि क्लासवाले वरून कागद दाखवा म्हणतात. स्टँड घेऊ की रंग? — बारावी, नाशिक

रंग. दोन बाजूंना पिठाचे आणि तांदळाचे डबे सारख्या उंचीचे ठेव, त्यावर आडवी लाकडी फूटपट्टी, जाड घे, प्लास्टिकची वाकते. मोबाइल तिच्यावर पालथा, कॅमेऱ्याचं भोक पट्टीच्या बाहेर, आणि रबरबँड दोनदा गुंडाळ. उजव्या हाताने काढत असशील तर खिडकी डावीकडे येईल असा बस, नाहीतर सगळा क्लास तुझ्या हाताची सावलीच बघेल. आणि डबे भरलेले घे, मी रिकामे घेतले होते, मोबाइल थेट पाण्याच्या भांड्यात.